चोविसावं घड्याळ

अण्णांच्या घरात तेवीस घड्याळं होती आणि त्या तेविसांत एका सेकंदाचंही भांडण नव्हतं. भांडण काय ते माणसांत होतं, आणि तेसुद्धा एका घड्याळावरूनच.

अण्णा घड्याळजी. एक्केचाळीस वर्षं बाजाराच्या वळणावरच्या अरुंद दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले, आणि दुकान बंद केलं तेव्हा गिऱ्हाइकं तेवढी सोडून बाकी सगळं घरी घेऊन आले. जिन्याखाली घड्याळ, पलंगाच्या डोक्याशी घड्याळ, न्हाणीघराच्या दारावर घड्याळ. बैठकीच्या खोलीत माणसाच्या उंचीचं, पितळी लंबकाचं एक थोरलं घड्याळ होतं, त्याला अण्णा मुख्याध्यापक म्हणत. रोज दुपारी बाराला रेडिओच्या ठोक्यांवर मुख्याध्यापक तपासायचा आणि मग मुख्याध्यापकावरून बाकीची बावीस. अंगात ताप असला तरी हा नेम चुकत नसे. त्यांची बायको, माई, देवाचं नाव ज्या भक्तीनं घ्यायच्या त्याच भक्तीनं अण्णा मिनिटकाटा सरळ करायचे. माई म्हणायच्या, देवाच्या दारी दोघांचीही हजेरी लागत असेल. तुमची जरा वेळेवर लागत असेल, एवढंच.

भांडणाचं घड्याळ मात्र भिंतीवर नव्हतं. ते कपाटाच्या खणात, मखमली पिशवीत, कुलूपबंद होतं. माईंच्या वडिलांचं, खिशात ठेवायचं, साखळीचं. ते बंद पडलं म्हणून वडिलांनी जावयाकडे दुरुस्तीला दिलं आणि न्यायला यायच्या आत देवाघरी गेले. पुढे माईंचे थोरले भाऊ, दादा, ते मागायला दुकानात आले. अण्णांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलेलं होतं की तीन महिन्यांत न नेलेलं घड्याळ परत मिळणार नाही. दादा तीन महिने आणि एक दिवसानं आले होते. जन्मात कुठेही वेळेवर न पोचलेला माणूस, तिथे तरी कसा पोचणार?

त्या एका दिवसावरून मेहुण्या-मेहुण्यांनी एकमेकांना इतकी वर्षं टोमणे मारले की टोमणेसुद्धा गुळगुळीत झाले. दादा अण्णांना मिनिटराव म्हणायचे, अण्णा दादांचं नावच घ्यायचे नाहीत, ‘तुझे उशिरा येणारे’ एवढंच म्हणायचे. पण घड्याळ ज्यांचं, त्यांच्या मुलीला दोघांपैकी एकानंही कधी विचारलं नाही की बाई गं, तुला काय वाटतं?

शेवटी यंदा दोघांनी बुद्धिबळावर फैसला करायचा ठरवला. दादा राहायचे लांबच्या शहरात, म्हणून डाव कॉम्प्युटरवर. अकरा रविवार, अकरा डाव, संध्याकाळी ठीक पाचला. नियम अण्णांनी घातला. पाच वाजून पंधरा मिनिटांपर्यंत जो पटावर हजर नाही, तो हरला. हा नियम कोणासाठी होता ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दादा दहाही रविवार चौदाव्या मिनिटाला उगवले आणि दहा डावांअखेर दोघं पाच-पाचवर आले. आज अकरावा रविवार होता. आज जो जिंकेल, घड्याळ कायमचं त्याचं.

चार वाजून दहा मिनिटांनी अण्णा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कॉम्प्युटरपुढे बसले. हा कॉम्प्युटर लेकीनं दिलेला, चांगला तेरा वर्षांचा. तो घरात आला त्याच दिवशी अण्णांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे वेळ दिसते तिथे, दुकानातल्या पावतीचा एक कपटा डिंकानं चिकटवून टाकला होता. ती वेळ मुख्याध्यापकापेक्षा चार सेकंदांनी वेगळी होती म्हणून. वेळ आपोआप लावून घेण्याची सोयही त्यांनी बंद करून टाकली होती. बाहेरच्या कोणी येऊन आपल्या घरात घड्याळ लावावं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

माई स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळत होत्या. दोन खोल्यांमधलं दार उघडंच असे, त्यामुळे अण्णा काय करताहेत ते त्यांना न बघताही कळायचं. कॉम्प्युटर सुरू झाल्याचा घुर्र आवाज आला. मग अण्णा स्वतःशी म्हणाले की काळ्या पडद्यावर आज काहीतरी भलतंच लिहून आलंय, पुढे जायला एक बटण दाबा म्हणतंय. त्यांनी दाबलं. नम्रपणे सांगितलेलं ते कोणाचंही ऐकायचे. मग बराच वेळ काही नाही. आणि मग खुर्ची मागे सरकली.

“अगं, नेट गेलंय.”

माईंचे हात पिठात थबकले. का थबकले ते त्यांचं त्यांनाही लगेच उमगलं नाही. गेलं असेल, येईल, असं म्हणून त्या पुन्हा मळायला लागल्या.

अण्णांनी हातपाय गाळले नाहीत. बिघडलेल्या यंत्रापुढे बसायचं त्यांना नवीन नव्हतं. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. चिमटा, फुंकणी, बारीक ब्रश रांगेत मांडले. डोळ्याला भिंग चढवलं. भिंतीपासून राउटरपर्यंतची वायर त्यांनी बोटांच्या पेरांनी चाचपत नेली, जशी वैद्यानं नाडी धरावी. टोकं काढली, पुसली, फुंकली, पुन्हा खट्‌कन बसवली. राउटरचे हिरवे दिवे भिंगातून पाहिले. चार दिवे लागायला हवेत, चार लागलेत, एक लुकलुकायला हवा, तो लुकलुकतोय, असं मोठ्यानं म्हणाले. मग राउटर बंद केला, मुख्याध्यापकाकडे बघत तीस सेकंद मोजले, एकतिसाव्याला चालू केला. दिवे पुन्हा लागले. नेट मात्र नाहीच.

“गुरुवारी एवढा साफ केला होता मी हा,” अण्णा म्हणाले. “एकेक स्क्रू मोजून बसवला. यात खोट असायचं कारणच नाही.”

गुरुवार म्हटल्याबरोबर माईंनी दाराकडे पाठ फिरवली.

झालं होतं असं. माईंकडे एक टायमर होता, अंड्याएवढा, पिवळा. पाव भाजायला ठेवला की तो चाळीस मिनिटांवर लावायचा, वेळ झाली की तो चिवचिवायचा. घरात तेवीस घड्याळं असताना याची गरज काय, असं अण्णा नेहमी विचारत. माईंचं म्हणणं, तुमची घड्याळं वेळ सांगतात, पण हाक मारत नाहीत. तर त्या टायमरचा सेल संपला. रुपयाएवढा चपटा, चकचकीत सेल. माईंनी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, उद्या देतो. घड्याळजीचा उद्या म्हणजे काय ते घड्याळजीच्या बायकोला माहीत असतं. तीन आठवडे झाले, दोन पाव करपले, आणि अण्णांच्या खणात सेलांची अख्खी पेटी असून माईंचा टायमर मुकाच राहिला. खणाची किल्ली अण्णांच्या कमरेला.

मग आला गुरुवार. अण्णांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली धूळ झटकली, स्क्रू वाटीत काढून ठेवले आणि आंघोळीला गेले. माई चहाचा कप उचलायला आल्या. बघतात तर त्या उघड्या डब्यात, हिरव्या पट्टीवर, तसाच चपटा, तसाच चकचकीत, तेवढाच सेल त्यांच्याकडे बघून हसतोय. आकडासुद्धा तोच. माईंनी मनाशी विचार केला, आणि तो विचार चुकीचा होता असं आजही कोणाला म्हणवणार नाही. हे यंत्र भिंतीतल्या विजेवर चालतं, याला सेल हवाय कशाला? डोक्यातली पिन काढली, सेल उचकटला, पदराखाली घेतला. अण्णांनी बाहेर येऊन स्क्रू मोजले. सेल मोजायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

आणि आता त्या पिनेनं काढलेल्या सेलापायी माईंच्या बापाचं घड्याळ हातचं जायची वेळ आली होती.

बरं, सांगून टाकावं तर अण्णांचा स्वभाव. रागवायचे नाहीत. रागवले असते तर बरं. ते फक्त चष्म्यावरून बघायचे आणि पुढची दहा वर्षं गुरुवार आला की ‘आज काही काढायचंय का’ असं विचारायचे. आणि ही गोष्ट दादाच्या कानावर गेली तर तो ताप वेगळाच. माईंनी पाव साच्यात घातला, ओव्हनमध्ये ठेवला, पिवळा टायमर चाळीस मिनिटांवर लावला आणि मनात म्हणाल्या, देवा, तुला सगळं दिसतं, तेव्हा तुला वेगळं सांगत नाही. एवढी वेळ निभावून ने. घड्याळ तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटं दाखवत होतं. घड्याळं, म्हणजे.

लेकीचा फोन बंद होता. ती इस्पितळात नर्स, पाळीवर असली की फोन कुलपात. मग अण्णांनी नेट देणाऱ्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी बासरी वाजली, मग एक बाई बोलली. बिचारी गोड होती. तिनं तिकडून तपासलं आणि सांगितलं की तुमच्या घरापर्यंत सगळं व्यवस्थित पोचतंय, दोष असला तर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. पडद्यावर काय लिहून येतंय ते वाचा म्हणाली. अण्णा घुटमळले. मग अगदी नाइलाजानं, एखाद्यानं आपल्याबद्दल लिहिलेलं निनावी पत्र वाचावं तसं त्यांनी वाचलं की या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे, म्हणून सुरक्षित संपर्क होऊ शकत नाही. वर म्हणाले की हे लबाड लोक असतात, माणसाचा धंदा काय आहे ते हुडकून काढतात आणि त्याच वाटेनं घरात शिरतात, म्हणून मी ते केव्हाच मिटवून टाकलं होतं.

बाईनं काहीतरी विचारलं. अण्णांची मान हळूहळू ताठ झाली.

“माझं घड्याळ बरोबर आहे का? हे तुम्ही मला विचारताय?” अण्णा म्हणाले. “बाई, एक्केचाळीस वर्षं या गावातली गाडी माझ्या घड्याळावर सुटत होती. स्टेशनमास्तर स्वतः वेळ लावून घ्यायला यायचे. तुम्ही आत्ता जिथे बसलात तिथलं घड्याळ काय सांगतंय? चार बेचाळीस? चूक. चार वाजून त्रेचाळीस मिनिटं. लावून घ्या.”

आणि फोन ठेवला.

पण शब्द कानात राहतोच. तेविसांतलं एखादं खरंच मागे पडलं असेल तर? अण्णा उठले, कोपऱ्यातली शिडी काखेला मारली आणि खोलीखोलीतून एकेक घड्याळ मुख्याध्यापकाशी ताडून बघायला निघाले. आधी जिना, मग झोपायची खोली, मग वरची खोली. ज्या घड्याळाला आपण कधी घड्याळ मानलंच नाही, ते मागे असेल, हे त्यांच्या मनात यायचं तरी कसं?

अण्णांची पावलं वरच्या मजल्यावर वाजायला लागली आणि माईंनी हात पुसले. एवढी चपळाई त्यांनी लग्नात पळवलेल्या चपला परत आणतानाही दाखवली नव्हती. टायमर उघडला, सेल काढला. कॉम्प्युटरचं भिंतीतलं बटण बंद केलं. डब्याचे दोन स्क्रू अण्णांच्याच चिमट्यानं फिरवले, झाकण सरकवलं, जिथून घेतला तिथे सेल ठेवून अंगठ्यानं दाबला. टक्‌ असा आवाज आला. तो आवाज ऐकून त्यांना एकदम हलकं वाटलं. चोरानं माल परत ठेवला, आता मालकानं काय तक्रार करावी? झाकण लावलं, बटण चालू केलं, आणि अण्णा शिडी घेऊन खाली आले तेव्हा माई दारात उभ्या राहून पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

“सगळी बरोबर आहेत,” अण्णा म्हणाले. “न्हाणीघराचंसुद्धा.”

माईंनी साळसूदपणे सुचवलं की एकदा परत चालू करून बघता का, यंत्राचं काय, मन बदलतं त्याचं. अण्णांनी चालू केलं. काळ्या पडद्यावर तेच लिहून आलं, तेच बटण दाबलं. चार वाजून सत्तावन्न मिनिटं. पट उघडायचा प्रयत्न केला.

तेच. घड्याळ मागे आहे म्हणे.

माईंच्या तोंडचं पाणी पळालं. घेतलं तेही चुकलं, परत ठेवलं तेही कामाला आलं नाही, मग आता माणसानं करावं तरी काय? अण्णा खुर्चीत बसून राहिले. भिंग डोळ्यावरून काढलं आणि फडक्यावर ठेवलं. दुकान बंद केलं त्या संध्याकाळीही त्यांनी ते असंच ठेवलं होतं, हे माईंना आठवलं.

मग घरातली सगळी घड्याळं एकदम बोलायला लागली. मुख्याध्यापकानं घसा साफ करून पाच टोले दिले, मागोमाग जिन्याखालचं, पलंगाजवळचं, वरचं. घर पाच वाजल्याचं ओरडून सांगत होतं आणि घरधनी पटावर नव्हता.

फोन वाजला. दादा. जन्मात पहिल्यांदा वेळेवर.

“काय मिनिटराव,” दादांचा आवाज माईंना दारापर्यंत ऐकू येत होता, “मी तर पाटावर... पटावर बसलोय केव्हाचा. समोर कोणीच दिसत नाही. नियम कोणाचा होता हो तो? घाई नाही, पंधरा मिनिटं आहेत की. मी मोजतोय. माझ्याकडे एकच घड्याळ आहे, पण चालतं.”

फोन ठेवून अण्णांनी वायर पुन्हा काढली, पुन्हा बसवली. आता त्यांच्या बोटांना घाई झाली होती आणि घड्याळजीच्या बोटांना घाई झालेली माईंनी कधी पाहिली नव्हती. पाच वाजून सहा. पाच वाजून आठ.

माई ओव्हनशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. देवा, मी काय चुकवलं? सेल तोच, जागा तीच, टक्‌ असा आवाजही आला. आणि मग त्यांना दुकानातलं एक वाक्य आठवलं. सेल बदलून घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात देताना अण्णा दरवेळी म्हणायचे की सेल घातला म्हणजे घड्याळ चालू झालं, बरोबर झालं नाही. आता काटे लावा. एक्केचाळीस वर्षं जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेल्या तेव्हा तेव्हा माईंनी हे ऐकलं होतं.

त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यावरच्या त्या पिवळ्या पडलेल्या कपट्यावर गेली.

आणि तिथेच, देवानं बुद्धी दिली म्हणा की खोडी सुचवली म्हणा, माईंना दुसरीही एक गोष्ट सुचली. त्या अण्णांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, नेट मी लावून दिलं तर?”

“तू?” अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. “तुला काय कळतंय यातलं?”

“मला काही कळत नाही. पण लागलं, आणि डाव तुम्ही जिंकलात, तर बाबांचं घड्याळ माझं. बोला लवकर, पाच वाजून दहा मिनिटं झालीत.”

आता मात्र अण्णा वळले. बायकोच्या तोंडाकडे त्यांनी असं पाहिलं की जणू भिंतीवरचं चोविसावं घड्याळ आत्ताच दिसलंय. नाही म्हणावं तर पाच मिनिटांत घड्याळ उशिरा येणाऱ्यांच्या खिशात. हो म्हणावं तर बायकोच्या. दोन्हीकडून जातंच आहे. मुख्याध्यापकाचा लंबक एकदा इकडे गेला, एकदा तिकडे गेला.

“दिलं,” अण्णा म्हणाले.

माईंनी पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं, कोपऱ्यातल्या कपट्यावर घासलं आणि नखानं तो तेरा वर्षांचा कपटा अलगद सोलून काढला. खाली आकडे होते. रात्रीचे बारा वाजून चौदा मिनिटं. पहिली जानेवारी. आणि साल? कॉम्प्युटर जन्माला आला ते. यंत्र बंद असताना आतलं घड्याळ तो चपटा सेलच चालवत होता; तो निघाला आणि वेळ पहिल्या दिवसावर परत गेली.

अण्णांचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. एखाद्या आचाऱ्याला स्वतःच्या वाढलेल्या ताटात खडा सापडावा, तसं झालं. त्यांच्या घरात, त्यांच्या नाकासमोर, तेरा वर्षं मागे पडलेलं एक घड्याळ बसलं होतं. आणि ते पोर सांगत होतं हो! स्वतःच्या तोंडानं सांगत होतं की मी मागे आहे, मला पुढे घ्या. अण्णांनीच त्याला लबाड ठरवून गप्प केलं होतं. वर त्या फोनवरच्या बाईला वेळ लावायला सांगितली ती वेगळीच.

“लावा आता,” माई म्हणाल्या.

अण्णांनी साल बदललं, महिना बदलला, तारीख बदलली. तास लावला, मिनिट लावलं. आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी हात वर धरून मुख्याध्यापकाकडे बघत बसले.

“आता काय?”

“सेकंदकाटा बारावर येऊ दे.”

“अहो, पाच वाजून बारा झालीत!”

“म्हणून काय चुकीची लावू?”

एकवीस सेकंद माईंनी श्वास धरला. देवाच्या दारातसुद्धा त्यांनी एवढा वेळ डोळे मिटून काढला नव्हता. काटा बारावर आला, अण्णांचं बोट खाली आलं. पट उघडायला लागला, थोडा अडला, पुन्हा फिरला, आणि पांढऱ्या-काळ्या घरांनी पडदा भरला. पाच वाजून चौदा मिनिटं. दादांची रोजची वेळ.

पलीकडे दादा खुर्चीत नव्हते. ते, नंतर त्यांनीच सांगितलं, शेजारच्या खोलीत बायकोला आधीच बातमी द्यायला गेले होते की तुझ्या सासऱ्यांचं घड्याळ घरी येतंय. परत येऊन बघतात तर समोर मिनिटराव हजर. त्यांचा जो तोल गेला तो काही सावरला नाही. विजयाचा घास तोंडाशी येऊन पडलेला माणूस शांतपणे प्यादी कशी ढकलणार? अठराव्या खेळीत त्यांनी घोड्याच्या लोभानं वजीर पुढे काढला, अण्णांनी एका साध्या उंटानं तो टिपला, आणि पुढच्या वीस मिनिटांत मात झाली.

फोन आला. दादा सरळ मनाचे होते, हरले तर हरले म्हणायचे. घड्याळ तुमचं झालं, मिनिटराव, म्हणाले. अण्णांनी खाकरून सांगितलं की माझंही नाही, आणि फोन माईंच्या हातात दिला. माईंनी जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. दादा म्हणाले,

“आम्हा दोघांपैकी कोणाचंच नव्हतं गं ते. आम्ही गाढवं.”

माईंनी डोळ्याला पदर लावला. आणि पदर लावताना त्यांच्या नाकात वास शिरला.

पाव.

त्या धावल्या. ओव्हनचं दार उघडलं तर धूर, आणि धुरात कोळशासारखी काळी वीट. मागून अण्णा आले. त्यांनी धूर पाहिला, पाव पाहिला, आणि मग ओट्यावरचा पिवळा टायमर पाहिला.

“हा वाजला नाही?”

माई खिडकी उघडण्यात फार गुंतल्या होत्या. अण्णांनी टायमर उचलला. कानाशी धरला. उलटा केला आणि अंगठ्याच्या नखानं मागचं झाकण काढलं. आत रिकामी गोल जागा. अण्णांनी त्या जागेकडे पाहिलं. मग बैठकीतल्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे, त्याच्या दोन स्क्रूंकडे, ज्यातला एक अर्धवटच फिरवलेला होता. मग माईंच्या अंबाड्याकडे, जिथून एक पिन निम्मी बाहेर आली होती. एक्केचाळीस वर्षं त्यांनी बिघडलेली यंत्रं उघडून, कोणी काय केलं असेल ते न विचारता ओळखलं होतं.

“म्हणजे चोरीही तूच केलीस,” अण्णा सावकाश म्हणाले, “आणि इनामही तूच घेतलंस.”

“तीन आठवडे सेल मागत होते मी,” माई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

अण्णांनी कमरेची किल्ली काढली, खण उघडला, पेटीतून एक नवा सेल घेतला, टायमरमध्ये बसवला, झाकण लावलं. दोन मिनिटांवर लावून ओट्यावर ठेवला. दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिले. दोन मिनिटांनी तो चिवचिवला, तेव्हा माईंना हसू फुटलं, आणि मग अण्णांनाही आवरेना. त्याच खणातून त्यांनी मखमली पिशवी काढली आणि माईंच्या हातात ठेवली.

बाबांचं घड्याळ आता ओव्हनच्या वरच्या खिळ्याला साखळीनं लटकलेलं असतं. अण्णांना वाटलं होतं की चावी द्यायचं काम तरी आपल्याकडे येईल. पण माईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की माझ्या घड्याळाला चावी मी देईन आणि वेळही मीच लावीन. आणि लावली. मुख्याध्यापकापेक्षा बरोबर तीन मिनिटं मागे.

अण्णा रोज सकाळी चहाला स्वयंपाकघरात येतात. कप उचलतात, छताकडे बघत चहा पितात आणि छताकडे बघतच बाहेर जातात.